मोबाईलच्या आधीचा माणूस : जगदीशचंद्र बोस

आपल्या हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर रेंज येत नाही हे नव्याने सांगायला नको. घरी फोन लावायचा तर जिना चढून गच्चीवर जायचं आणि पाण्याच्या टाकीला चिकटून उभं राहायचं. रात्री साडेनऊला मेस आटोपली की तिथे विरार लोकलसारखी गर्दी असते. एका कोपऱ्यात कोणीतरी आईशी बोलत असतो, दुसऱ्या कोपऱ्यात कोणीतरी आई सोडून दुसऱ्याच कोणाशी... असो!

याच गच्चीवर गेल्या वर्षी मी इंजिनियर्स डेच्या वक्तृत्व स्पर्धेची तयारी केली होती. विषय होता मोबाईलची कहाणी. स्टेजवर जाऊन मी भाषण ठोकलं. मार्कोनीने आपल्या जगदीशचंद्र बोसांचा शोध पळवला, नाहीतर आज जगातल्या प्रत्येक मोबाईलवर भारताचं नाव असतं, असं टेबलावर हात आपटून सांगितलं. टाळ्या पडल्या. मग परीक्षक म्हणून बसलेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला. बोसांनी वापरलेल्या लहरीची लांबी किती होती, आणि माझ्या खिशातल्या फोनच्या लहरीची किती?

मी टेलिकॉमच्या तिसऱ्या वर्षाला. व्हायवाला उत्तर येत नसेल तर निदान काहीतरी पुटपुटता येतं, इथे तेही जमलं नाही. बक्षीस गेलं ते गेलंच, पण मनाला लागलं ते वेगळंच. ज्या माणसाबद्दल मी छाती फुगवून बोललो, त्याच्याबद्दल मला मोबाईलवर आलेल्या एका फॉरवर्डपलीकडे काहीही माहीत नव्हतं. त्या रागात लायब्ररी गाठली. हा लेख म्हणजे सरांच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमधल्या मैमनसिंग इथे झाला. आज ते गाव बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. त्या काळात मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाने मुलाला इंग्रजी शाळेत घालणं म्हणजे प्रतिष्ठेची गोष्ट. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला साध्या बंगाली शाळेत घातलं. परक्या भाषेआधी मुलाला आपली भाषा आणि आपली माणसं कळली पाहिजेत, असं त्यांचं मत होतं. वर्गात जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या चपराशाचा मुलगा बसायचा आणि दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा. त्या पोरांकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या आणि पाण्यातल्या जीवांच्या गोष्टींमुळे आपल्याला निसर्गाची ओढ लागली, असं बोस पुढे मोठेपणी सांगत.

हे वाचताना मी थांबलोच. मी स्वतः दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. फर्स्ट इयरला मॅथ्सच्या लेक्चरला अर्धे शब्द डोक्यावरून जायचे आणि मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचो. आपल्यातल्या अनेकांचं तसंच झालंय, कोणी बोलत नाही एवढंच. भारतात रेडिओ लहरींवर पहिलं मोठं काम करणारा माणूस मातृभाषेच्या शाळेतून आला होता, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये त्यांना फादर लाफाँ नावाचे जेझुइट शिक्षक भेटले. प्रयोग करून दाखवत शिकवणारे हे फादर. तिथे फिजिक्सची गोडी लागली. १८८० साली बोस डॉक्टर व्हायला लंडनला गेले. पण आधीच तापाने पोखरलेलं शरीर आणि त्यात शवविच्छेदनाच्या खोलीतला वास, यामुळे तब्येत बिघडत गेली आणि मेडिकल सोडावं लागलं. म्हणजे ब्रँच बदलणारे आपण पहिले नव्हे! केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात त्यांनी विज्ञान घेतलं. तिथे लॉर्ड रॅले त्यांना शिकवायला होते. १८८४ साली पदवी घेऊन पुढच्याच वर्षी ते भारतात परतले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्सचे प्राध्यापक झाले.

आता खरी गोष्ट सुरू होते. त्या काळी एकाच हुद्द्यावर इंग्रजाला जेवढा पगार, त्याच्या दोन तृतीयांश पगार भारतीयाला मिळे. बोसांची नेमणूक हंगामी होती, म्हणून त्यातलाही अर्धाच. थोडक्यात, काम सारखं आणि पगार एक तृतीयांश. बोसांनी यावर मोर्चा काढला नाही की कॉलेज सोडलं नाही. त्यांनी पगार घेणंच बंद केलं. रोज कॉलेजात जायचे, मन लावून शिकवायचे आणि महिनाअखेर पगाराला हात लावायचे नाहीत. एक-दोन महिने नव्हे, तब्बल तीन वर्षं! घरची परिस्थिती काही चांगली नव्हती. वडिलांनी लोकांसाठी काढलेले उद्योग बुडाले होते, डोक्यावर कर्ज होतं. याच काळात १८८७ साली अबला दास यांच्याशी त्यांचं लग्न झालं. मद्रासला मेडिकलचं शिक्षण घेतलेल्या अबलाबाईंनी हा संसार बिनपगारी रेटला. शेवटी सरकार नमलं. नेमणूक कायम झाली आणि मागचा सगळा पगार पूर्ण दराने एकरकमी हातात आला. तो वडिलांचं कर्ज फेडण्यात गेला.

एज्युकेशन लोन घेऊन शिकणाऱ्या माझ्यासारख्याला याचा अर्थ लगेच कळतो. पगार नाकारायचा तो पोट भरलेलं असताना नव्हे, कर्ज असताना. विचार केला की घाम फुटतो.

प्रेसिडेन्सीत संशोधनासाठी लॅब अशी नव्हतीच. बाथरूमशेजारची एक चिंचोळी खोली त्यांना मिळाली, आणि यंत्रं बनवायला एक पत्र्याचं काम करणारा कारागीर. त्याला बोसांनीच शिकवून तयार केलं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, १८९४ च्या सुमारास, त्यांनी संशोधनाला हात घातला. सहा-सात वर्षांपूर्वी जर्मनीत हाइनरिश हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या होत्या. आपल्या फोनच्या मेगाहर्ट्झ आणि गिगाहर्ट्झमधला हर्ट्झ तो हाच. त्याच्या लहरी लांब होत्या, अर्ध्या मीटरच्याही वर. इतक्या लांब लहरींवर प्रकाशासारखे प्रयोग करायचे म्हणजे आरसे आणि भिंगं खोलीएवढी लागणार. बोसांनी ठरवलं की लहरच छोटी करायची. त्यांनी ती आणली थेट ५ मिलिमीटर ते २५ मिलिमीटरपर्यंत. आजच्या हिशोबात १२ ते ६० गिगाहर्ट्झ!

ही लहर पाठवायला त्यांनी पोकळ धातूच्या नळ्या वापरल्या आणि तोंडाशी फनेलसारखं रुंद होत जाणारं टोक लावलं. आपण मायक्रोवेव्हच्या लॅबमध्ये वेव्हगाइड आणि हॉर्न अँटेना हाताळतो ना, त्यांचे हे पणजोबा. लहर ओळखायला त्यांनी छोट्या पोलादी स्प्रिंगांचा डिटेक्टर बनवला. कलकत्त्याची हवा आपल्या वसईसारखीच दमट, त्यामुळे त्यांना गंजाशीही झगडावं लागलं. लहरीचं ध्रुवण, म्हणजे पोलरायझेशन, तपासायला त्यांनी काय वापरावं? रेल्वेचं ब्रॅडशॉ टाइमटेबल! पानांच्या मध्ये कथलाचे वर्ख घातले आणि झाला पोलरायझर तयार. तागाच्या दोऱ्या पिळूनही प्रयोग केले. इक्विपमेंट नाही म्हणून प्रोजेक्ट अडलंय, असं आपण गाइडला सांगतो तेव्हा हे टाइमटेबल आठवावं.

१८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. एका ठिकाणाहून सोडलेल्या लहरी लेफ्टनंट गव्हर्नर मॅकेन्झी यांच्या देहातून आणि मधल्या भिंतींतून जाऊन सुमारे ७५ फुटांवर पोचल्या. तिथे घंटा वाजली, पिस्तूल उडालं आणि दारूचा छोटा स्फोट झाला. मध्ये तार नव्हती. लोक थक्क झाले. पुढच्या वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली आणि जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपली यंत्रं मांडून व्याख्यान दिलं.

आता मार्कोनी. इथेच माझं भाषण घसरलं होतं, म्हणून नीट लिहितो. मार्कोनीने १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये बिनतारी संदेशाच्या पेटंटसाठी अर्ज केला. डिसेंबर १९०१ मध्ये त्याने अटलांटिक महासागरापलीकडून संदेश पकडला. तेव्हा वापरलेला पारा असलेला डिटेक्टर बोसांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीत मांडलेल्या डिटेक्टरच्या जातीचा होता, असं काही अभ्यासकांनी पुराव्यानिशी दाखवलं आहे. बोसांना त्याचं श्रेय तेव्हा मिळालं नाही, हेही खरं. पण म्हणून सगळा रेडिओच बोसांचा आणि मार्कोनी नुसता चोर, असं होत नाही. फ्रान्सचा ब्रँली, इंग्लंडचा लॉज, रशियाचा पोपोव्ह हेही त्याच वाटेवर होते. मार्कोनीला संदेश लांब पाठवायचा होता. त्यासाठी त्याने लांब लहरी घेतल्या, उंच खांब उभारले, कंपनी काढली. बोसांना संदेश पाठवण्याचा धंदा करायचाच नव्हता. त्यांना लहरीचा स्वभाव समजून घ्यायचा होता. दोघांचे प्रश्नच वेगळे होते.

मार्कोनीची ही व्यवस्था आपल्या महाराष्ट्रातही आली. १९२७ साली खडकीला प्रक्षेपण केंद्र आणि दौंडला ग्रहण केंद्र ठेवून भारत आणि इंग्लंड यांच्यात बीम वायरलेस सेवा सुरू झाली. पुण्याच्या पुढे जाताना दौंडची आठवण आपल्याला फक्त गाडी थांबते म्हणून येते!

पेटंटचा किस्साही सांगण्यासारखा आहे. १९०१ मध्ये एका बड्या तार कंपनीचा मालक पेटंटचे कागद घेऊन बोसांकडे आला आणि नफ्यात भागीदारी देऊ लागला. बोसांनी त्याला परत पाठवलं. ज्ञानावर मालकी सांगणं त्यांना पटत नव्हतं, आणि एकदा पैशाच्या मागे लागलो तर सुटका नाही, अशी भीतीही होती. मित्र रवींद्रनाथ टागोरांना त्यांनी हे पत्राने कळवलं होतं. शेवटी भगिनी निवेदिता आणि सारा बुल या हितचिंतकांनी फारच आग्रह केला, म्हणून अमेरिकेत अर्ज झाला आणि मार्च १९०४ मध्ये पेटंट मिळालं. ते होतं गॅलिना, म्हणजे शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून लहर ओळखण्याबद्दल. सेमीकंडक्टर उपकरणाचं हे जगातलं पहिलं पेटंट मानलं जातं. आपल्या फोनमधल्या चिपचं घराणं शोधत मागे गेलं तर हा स्फटिक लागतो. बोसांनी मात्र त्या पेटंटचा एक पैसाही घेतला नाही, ते तसंच मुदत संपून जाऊ दिलं.

ते बरोबर वागले का? आमच्या रूममध्ये यावर रात्रभर वाद झाला. माझा पार्टनर म्हणतो, पेटंट घेतलं असतं तर त्याच पैशात मोठी लॅब उभी राहिली असती. मला वाटतं त्याचंही चूक नाही. पण पगार नाकारणारा आणि पेटंट नाकारणारा माणूस एकच आहे, हे विसरून चालणार नाही. पगाराच्या वेळी प्रश्न मानाचा होता, तिथे हक्काचा पैसा पूर्ण घेतला. पेटंटच्या वेळी त्यांना तो हक्कच वाटला नाही.

पुढे बोस वनस्पतींकडे वळले. झाडाची अतिसूक्ष्म वाढ दाखवणारं क्रेस्कोग्राफ यंत्र त्यांनी बनवलं. त्यावरून तज्ज्ञांशी वाद झाले, त्यांची काही मतं आजही वादातच आहेत. १९१७ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस संशोधन संस्था काढली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांनी बंगालीत विज्ञानकथाही लिहिली होती, तीही १८९६ साली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं.

मग मोबाईल कधी आला? सेल्युलर कल्पना मांडली गेली १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये. शहराचे मधमाशीच्या पोळ्यासारखे छोटे भाग करायचे, प्रत्येक भागाला आपला कमी ताकदीचा टॉवर द्यायचा, आणि एका भागात वापरलेली फ्रिक्वेन्सी थोडं अंतर सोडून पुन्हा वापरायची. त्यामुळे थोड्याशा फ्रिक्वेन्सीत लाखो लोक बोलू शकतात. विरारहून चर्चगेट लोकल पकडा. नालासोपारा, वसई रोड, नायगाव... प्रत्येक टप्प्यावर तुमचा कॉल एक टॉवर सोडून दुसरा धरतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. यालाच हँडओव्हर म्हणतात. १९७३ मध्ये मार्टिन कूपरने हातात धरायच्या फोनवरून पहिला कॉल केला, १९७९ मध्ये टोकियोत पहिलं व्यापारी नेटवर्क सुरू झालं आणि १९९१ मध्ये फिनलंडमध्ये जीएसएम आलं.

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन केला. कुठून? कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून. बोसांचा टाउन हॉल तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि मध्ये गेली होती बरोबर शंभर वर्षं! हा निव्वळ योगायोग, पण वाचून अंगावर काटा आला.

आपल्या भागात मोबाईल रुळायला आणखी वेळ लागला. आमच्या लॅबचे काका सांगतात, सुरुवातीला आलेल्या फोनचेही पैसे पडायचे, म्हणून लोक मिस्ड कॉल देऊन काम भागवायचे. ही पद्धत २००३ मध्ये बंद झाली. शिवाय मुंबईचा कोड ०२२ आणि वसईचा ०२५०, त्यामुळे मुंबईचं सिम घेऊन भाईंदरची खाडी ओलांडली की रोमिंग लागायचं. घरी पोचायच्या आधी गाडीतच सगळे निरोप आटपायचे! आज वसईचा फूलवाला दादरच्या बाजाराचा भाव पहाटेच फोनवर विचारतो, कोळीणमावशी वाट्यांशेजारी क्यूआर कोडची पाटी ठेवते, आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळाकॉलेजं याच फोनवर भरली.

वर्गातल्या अर्नाळ्याच्या मित्राच्या घरी गेलो होतो. त्याचे वडील बोटीवर जातात. किनाऱ्यापासून काही अंतरापर्यंत त्यांचा फोन लागतो, मग लागेनासा होतो. जीएसएमचा साधा सेल जास्तीत जास्त ३५ किलोमीटरपर्यंत चालतो, कारण त्यापुढून आलेला सिग्नल आपली ठरलेली वेळ चुकवतो. त्यात पृथ्वीची गोलाई आडवी येते. पुढे बोटीवर वायरलेस सेटचाच आधार. हे सगळं मी सिलॅबसमध्ये वाचून परीक्षेत लिहिलं होतं. मित्राची आई संध्याकाळी फोन हातात घेऊन दारात बसलेली पाहिली तेव्हा ते मार्कांपुरतं राहिलं नाही. वर्गात कोळ्याच्या मुलाशेजारी बसणारा जगदीशही मला तेव्हाच आठवला.

आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर. बोसांची लहर ५ ते २५ मिलिमीटर. आपला फोन ९०० मेगाहर्ट्झवर असेल तर लहर सुमारे ३३ सेंटिमीटर, १८०० वर सुमारे १७ आणि फाइव्ह-जीच्या ३.५ गिगाहर्ट्झवर साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे माझ्या खिशातली लहर बोसांची नव्हती, मी भाषणात बोललो ते चुकीचंच होतं. पण गोष्ट इथे संपत नाही. २०२२ मध्ये भारतात फाइव्ह-जीचा लिलाव झाला त्यात २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही होता. त्याची लहर साडेअकरा मिलिमीटर. बरोबर बोसांच्या टेबलावरची! मोठी बँडविड्थ हवी म्हणून जग सव्वाशे वर्षांनी त्यांच्या लहरीकडे परत आलं. ही लहर भिंतीत लवकर दम सोडते, म्हणून टॉवर जवळजवळ लागतात. २०१२ मध्ये आयईईई या जागतिक संस्थेने त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना मैलाचा दगड म्हणून मान दिला आणि प्रेसिडेन्सीत पाटी लावली.

उत्तर घेऊन सरांकडे गेलो. सरांनी कागद वाचला, ३.५ गिगाहर्ट्झचा भागाकार पुन्हा करून पाहिला आणि मॅगझिनसाठी लिहून दे म्हणून सांगितलं. बक्षीस नाही ते नाहीच!

मित्रांनो, देशाचा अभिमान जरूर बाळगा. पण बोसांना आपण फुगवलेल्या गोष्टींची गरज नाही, त्यांचं खरं काम पुरेसं मोठं आहे. यापुढे असा एखादा फॉरवर्ड आला तर पुढे ढकलण्याआधी त्यातला एक तरी आकडा तपासा. आणि तिसऱ्या मजल्यावर रेंज नाही म्हणून रेक्टर सरांवर चिडू नका. स्लॅबमधल्या सळ्या आणि लहर यांचं ते जुनं भांडण आहे. गच्चीवर या, टाकीजवळ जागा करून देतो. घरी फोन लावा.